आडाशेजारची टाकी

'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?' ही म्हण मी आयुष्यात किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही. मास्तरकीचा पेशा पत्करल्यामुळे ती ऐकण्याचे प्रसंग जरा जास्तच आले. गणितात गटांगळ्या खाणाऱ्या मुलाचे वडील शाळेत येऊन स्वतःच ती मोठ्या तोऱ्यात म्हणत, आणि मग या म्हणीतला आड म्हणजे आपलेच घराणे हे ध्यानात येऊन ओशाळे होत. म्हण नेमकी आहे यात शंका नाही. पण अलीकडे मला तिच्यात एक उणीव दिसू लागली आहे. ती ज्याने काढली त्याला एकच धास्ती होती, आड कोरडा पडण्याची. पाण्यात घाण पडलीच तर चार गडी लावून उपसा करायचा, गाळ काढायचा, की आड पुन्हा पहिल्यासारखा. पण आडात पाणी आहे, पोहरा काठोकाठ भरून वर येतो आहे, आणि कितीही उपसा केला तरी ते पाणी तोंडात घालण्याजोगे होत नाही, हे त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही आले नसेल. ती धास्ती आपल्या पिढीच्या वाट्याला आली.

जमिनीच्या पोटात वस्तू ठेवणे आपल्याला नवे नाही. आमच्याकडे ज्वारी पेवात ठेवीत. जमिनीत खोल खड्डा खणायचा, आतून लिंपायचा, कडबा आणि पाला लावून धान्य भरायचे आणि तोंड बंद करून वर माती लोटायची. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागू नये. पण पेव उघडताना मात्र घाई चालत नसे. आधी तोंड मोकळे करून हवा खेळू द्यायची, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर कोणी आत उतरायचे नाही, कारण कोंडलेल्या हवेने माणूस जागच्या जागी गतप्राण होतो. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांनी वस्तू जमिनीत दडवली खरी, पण तिची विचारपूस करण्याची रीतही तिच्याबरोबर ठेवली. पुढे पेवे गेली. 'पेव फुटणे' एवढा वाक्प्रचार मागे राहिला. आता आमच्या सडकांवर पेट्रोल पंपांचे पेव फुटले आहे, असे मी म्हणालो तर शब्दांशी खेळलो असे समजू नका. ते अक्षरशः खरे आहे. प्रत्येक पंपाखाली एक पेव आहे. त्यात ज्वारीऐवजी पेट्रोल आणि डिझेल आहे, इतकेच.

हे सारे मनात यायला एक घरगुती कारण घडले.

आमचे गाव हिमायतनगर. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेचा, पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख. नदी ओलांडली की विदर्भ. कागदोपत्री हिमायतनगर, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून वाढोणाच. परमेश्वराच्या मंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे गावावरून जाते. गावाबाहेर, सडकेला लागून, आमच्या मोठ्या काकूंच्या वाट्याचे एक लहानसे रान आहे. रानाच्या एका कडेला आड. आड फार मोठा नाही, पण गोड्या पाण्याचा. पलीकडच्या वस्तीतल्या आठ-दहा बाया त्याच्यावर पाणी शेंदतात. नळाला पाणी येते तेव्हाही पिण्याची घागर म्हणून आडाचीच असते. डाळ त्याच पाण्यात शिजते असे त्यांचे म्हणणे.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो असताना चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, फराळ झाल्यावर विषय काढला. सडकेची जमीन पंपासाठी भाड्याने द्यावी असे त्याच्या मनात होते. कापसाने आणि सोयाबीनने लागोपाठ हात दिलेला नव्हता. धाकट्या मुलीचे शिक्षण अर्ध्यावर होते. दरमहा ठरलेले भाडे घरात येणार ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरी काय असते ते शेतकऱ्यालाच ठाऊक. सगळ्यांच्या माना डोलू लागल्या. काकू ऐंशीच्या घरातल्या. त्या पानाला चुना लावता लावता म्हणाल्या,

"टाकी कुठं असती रे त्येची?"

"जमिनीच्या आत, आई. वरून काहीच दिसत नाही."

दादाला वाटले, हे ऐकून आई निर्धास्त होईल. काकूंनी चुन्याची डबी मिटली.

"दिसत नाही मनूनच इचारलं. फुटली तर कळंल कोणाला?"

यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. दादाने सरकारी नियम सांगितला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या जानेवारीत नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांप्रमाणे शाळा, दवाखाना आणि राहती वस्ती यांपासून पंप ५० मीटर दूर हवा. जागेची अडचणच असेल तर जादा सुरक्षेची साधने करून ३० मीटरपर्यंत, त्याहून जवळ नाही. काकूंनी नियम शांतपणे ऐकून घेतला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू मास्तर हाईस ना? पाणी बी मीटर मोजून चालतं का, ते बघून सांग."

मी पेन्शनीत निघालेला मनुष्य. वेळ भरपूर आणि काकूंचा शब्द मोडण्याची छाती नाही. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

प्रथम मी परगावी पंप चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. सकाळची वेळ होती. त्याने टाकीचे झाकण उघडले, खुणा केलेली एक लांब धातूची पट्टी आत सोडली, वर काढली आणि ओल कुठवर चढली आहे ते वाचून वहीत आकडा लिहिला. याला ते 'डिप घेणे' म्हणतात. काल टाकीत किती होते, टँकरने किती ओतले, किती विकले आणि आज किती उरले, असा रोजचा ताळा. मग त्याने पट्टीच्या टोकाला एक मलमासारखा पदार्थ फासला आणि ती पुन्हा तळापर्यंत सोडली. मी विचारले, "हे काय?"

"पाणी शोधायची पेस्ट, सर. टाकीच्या तळाशी पाणी असलं तर हिचा रंग बदलतो. आता पेट्रोलात इथेनॉल असतं. पाणी शिरलं की ते इथेनॉलला ओढून घेऊन तळाशी बसतं. तसलं पेट्रोल गेलं तर गिऱ्हाईक तासाभरात गाडी ढकलत परत येतं."

"आणि पाण्यात पेट्रोल गेलं तर?"

तो थोडा थांबला. मुलगा मूळचा प्रामाणिक. म्हणाला, "त्या पाण्याची माणसं आमची गिऱ्हाइकं नसतात, सर."

त्याच्या या उत्तरात सगळे शास्त्र आले असे मला वाटते. पेट्रोलात पाणी शिरू नये म्हणून रोज सकाळी पट्टी आहे, पेस्ट आहे, वही आहे. पाण्यात पेट्रोल शिरू नये म्हणून आडाच्या काठी रोज सकाळी कोण उभे असते? हातात पोहरा घेतलेली एक बाई आणि तिचे नाक.

तुम्ही म्हणाल, पट्टीच्या ताळ्यात गळती कळेलच की. मोठी गळती कळते. थेंबाची गोष्ट वेगळी. मास्तर असल्यामुळे मी तिचे गणित मांडून पाहिले. सेकंदाला एक थेंब, एवढीच गळती धरा. दिवसाला सुमारे ४ लिटर होतात. वर्षाला दीड हजार लिटर. आता दुसऱ्या बाजूने पाहा. पेट्रोल उन्हाने फुगते आणि थंडीने आकसते. टाकीत १० हजार लिटर पेट्रोल असेल आणि त्याचे तापमान एका अंशाने उतरले, तर नुसत्या आकसण्याने १० ते १२ लिटरांचा फरक पडतो. थोडे वाफ होऊन उडते ते निराळेच. म्हणजे दिवसाचे ४ लिटर एका अंशाच्या हिशेबात बेमालूम मिसळून जातात. पंपवाला लबाड असावा लागत नाही. वही चोख असते, ताळा जमतो, आणि थेंब पडतच राहतो.

हा थेंब येतो कुठून? पंपाखालच्या टाक्या बहुधा पोलादी असतात, आडव्या निजवलेल्या मोठ्या पिंपासारख्या. एकेकीत १०-२० हजार लिटर मावते. ओल्या जमिनीत पोलादाला गंज चढतो हे घरातल्या जुन्या बादलीवरूनही कळते. शिवाय टाकीपेक्षा तिच्यापासून निघणारे नळ आणि त्यांचे सांधे अधिक दगा देतात. त्यात आमची काळी जमीन मोठी चंचल. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडून आकसते. तिच्या या वर्षावर्षाच्या उसाशांत एखादा सांधा ढिला होणे नवलाचे नाही.

पेट्रोल पाण्यावर तरंगते. दिवाळीत पेल्यात पाणी भरून वर तेल सोडून आपण वात लावतो, तसेच जमिनीखाली होते. गळलेले पेट्रोल मातीतून उतरत भूजलाच्या पातळीवर जाऊन पसरते. पावसाळ्यात पातळी वर चढते, उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर पेट्रोलही वरखाली होऊन सगळी माती माखून ठेवते. पण पेल्यातल्या तेलात आणि पेट्रोलात एक मोठा फरक आहे. पेट्रोलातली काही द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर चालू लागतात. त्यांतले सर्वांत वाईट ते बेंझीन. त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्या देशातल्या पेट्रोलात बेंझीन शेकडा एकपर्यंत चालते. म्हणजे एका लिटरात १० मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. भागाकार तुम्हीच करा. एका लिटर पेट्रोलातले बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवू शकते.

आकडे फार मोठे झाले की मनाला भिडत नाहीत, म्हणून आमच्याच मुलखातले एक माप देतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. मिरजेहून 'जलदूत' निघाली आणि मराठवाड्याच्या तहानेची गोष्ट देशभर पोहोचली. पहिल्या खेपेला तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. लोक स्टेशनावर गाडी पाहायला उभे होते. ती संबंध गाडी आणि जवळजवळ तेवढीच आणखी एक, इतके पाणी बिघडवण्याची ताकद बाटलीभर पेट्रोलात असते. त्या गाडीविषयी आणखी एक गोष्ट मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते. पाणी भरण्याआधी तिच्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कार्यशाळेत वाफेने धुऊन काढल्या होत्या. वाघीण धुता येते. खडकाच्या भेगा कोण धुणार?

आणि आमचे पाणी तर भेगांतच आहे. नांदेड जिल्ह्याच्या बऱ्याच भागात दख्खनचा काळा पाषाण आहे. पूर्वेकडे सरकावे तसा ग्रॅनाइट लागतो. दोन्ही कठीण. वाळूच्या प्रदेशात पाणी चाळणीतून यावे तसे सावकाश आणि सारखे पसरते. कठीण खडकात ते मुरुमाच्या थरातून आणि भेगांच्या वाटांनी धावते. जमिनीवरचा उतार एकीकडे, भेगेची दिशा दुसरीकडे, असे होऊ शकते. एका आडाला पाझर आणि हाकेच्या अंतरावरचा दुसरा ठणठणीत, हे आपण पाहतोच. तेव्हा पाणी मीटर मोजून चालते का, या काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. नाही चालत.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गळलेले सगळेच पेट्रोल आडात उतरत नाही. काही उडून जाते, काही माती धरून ठेवते, आणि मातीतले सूक्ष्म जंतू ते हळूहळू खाऊनही टाकतात. धरित्री पचवते, पण तिच्या सवडीने, वर्षानुवर्षे घेऊन. तोवर वस्तीला तहान लागायची थांबत नाही. तुरटी फिरवून हे पाणी निवळत नाही. नाकावर भरवसा ठेवावा तर बेंझिनाचा स्वतःचा वास पाण्यात कळू लागतो तेव्हा त्याचे प्रमाण मर्यादेच्या शंभर पटींहूनही वर गेलेले असते. दोरीवरचा दिवा विझला की पेवात उतरायचे नाही हे कळत होते. आडात सोडायला तसा दिवा नाही.

हे आमच्या मुलखापुरते नाही. अमेरिकेत मोटारी आपल्या आधी आल्या, टाक्याही आधी पुरल्या गेल्या आणि गंजल्याही आधी. तिथल्या काँग्रेसने १९८४ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायद्यात तरतूद केली, १९८८ मध्ये तपशीलवार नियम आले, आणि जुन्या टाक्या एक तर सुधाराव्या नाहीतर बंद कराव्या म्हणून १९९८ च्या डिसेंबरापर्यंत मुदत दिली गेली. त्यानंतर मोजणी होत गेली तसे कळले की गळत्या ५ लाखांहून अधिक आहेत. कॅलिफोर्नियात सांता मोनिका नावाचे समुद्रकाठचे संपन्न शहर आहे. १९९६ मध्ये पेट्रोलात मिसळल्या जाणाऱ्या एका रसायनामुळे त्याला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचे निम्म्याच्या आसपास पाणी त्या विहिरींचे होते. आपल्याकडे चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली लोकांच्या बोअरमधून पाण्याबरोबर तेल येऊ लागले. तिथे दोष टाकीचा नव्हता, जमिनीखालून जाणाऱ्या तेलवाहिनीचा होता. पण बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्या फरकाचे काय?

मग पंप नकोतच का? तसे मी म्हणणार नाही. रात्री बाळंतीण अडली तर जीपमध्ये डिझेल असावे लागते. मळणीयंत्रालाही ते लागते, आणि नांदेडला जायला मलाही एसटी हवी असते. उपायही आहेत आणि ते गूढ नाहीत. टाकीला दुहेरी भिंत करता येते. आतली भिंत गळली तर बाहेरची धरून ठेवते आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत बसवलेले यंत्र लगेच ओरडते. पोलादाला गंजापासून वाचवणारी विजेची युक्ती आहे, न गंजणारे नळ आहेत. पंपाच्या आवारात लहान भोके पाडून त्यांतले पाणी ठरलेल्या काळाने तपासता येते. पंप बंद पडला, सडक दुसरीकडून गेली, तर रिकामी टाकी तशीच जमिनीत विसरून न जाता उपसून काढता येते. खर्च लागतो, हे खरे. पण विहिरीतून पेट्रोल काढण्याच्या खर्चापुढे तो काहीच नव्हे.

हे सगळे मी वहीत उतरवून काकूंना वाचून दाखवले. त्यांनी मायक्रोग्रॅम सोडून दिले आणि बाकीचे अचूक पकडले. मग दादाला समोर बसवून एकेक अट लिहायला लावली. टाकी दुहेरी भिंतीची. ती आडाच्या अंगाला नाही, रानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तपासणीची दोन भोके, त्यांतले एक आडाच्या बाजूला. आडाचे पाणी पंप सुरू होण्याआधी एकदा तपासायचे, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहील, आणि मग दरवर्षी. अहवालाची एक नक्कल वस्तीतल्या बायांना वाचून दाखवायची. करार संपला की टाकी काढून न्यायची.

दादाने लेखणी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर मुलीची फी दिसत होती. तो म्हणाला, "आई, एवढ्या अटी बघून ते दुसऱ्याची जागा बघतील."

"बघू दे," काकू म्हणाल्या. "तिथं बी कोणाचा तरी आड असंलच की. त्यास्नी बी हाच कागद दे."

दादाने तो कागद पाठवला आणि त्याच्या दोन नकलाही काढल्या. एक शेजारच्या शेतकऱ्याकडे गेली, दुसरी ग्रामस्थांपैकी एकाने मागून नेली. जमिनीचे अजून ठरलेले नाही. भाडे सुरू झालेले नाही, आणि त्या घराला ते परवडते आहे असेही नाही. वस्तीतल्या बाया रोज पाणी शेंदतात. त्यांना या खटपटीची थोडी कुणकुण आहे, थोडी नाही.

दिवाळीच्या अंकात हा विषय काढला म्हणून माझ्यावर रागावू नका. उटणे लावून पहाटे जे पाणी अंगावर घ्यायचे, ज्या पाण्यात चकलीचे पीठ भिजवायचे, त्याविषयी बोलायला याहून चांगला मुहूर्त कोणता? तुमच्या घराजवळ पंप असेल, आणि तुमचा आड किंवा बोअर असेल, तर या सणाला एक करा. फराळाचे ताट घेऊन पंपवाल्याकडे जा. तो आपलाच शेजारी आहे. पाडव्याला त्यालाही शुभेच्छा हव्या असतात. करंज्या त्याच्या हातात द्या, चहा आला तर घ्या, मुलाबाळांची चौकशी करा, आणि उठता उठता सहज विचारा, "तुमची टाकी किती वर्षांची हो?"

चांगल्या पंपवाल्याला ते वर्ष तोंडपाठ असते. ज्याला नसेल, तो त्या रात्री कागद काढून पाहील.